वाळवंटी नॅशनल पार्कमध्ये मुलांना घेऊन एक दिवस: पाणी, वेळ आणि परतीचा हिशेब

अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटी पार्कमध्ये पहिल्यांदा जाणारी कुटुंबं वाट किती मैलांची आहे ते नीट बघतात. ती किती वाजता चालायची, ते बघायचं राहून जातं. एकाच दीड मैलाच्या वाटेवर सकाळी सातला पाच वर्षांचं मूल उड्या मारत जातं आणि दुपारी एकला धडधाकट माणसाला चक्कर येते. म्हणून इथे सगळं नियोजन उन्हापासून सुरू होतं. अंतर, खाणं, कपडे, फोटो हे सगळं त्याच्या मागून.

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांची इथे हमखास फसगत होते. दमट हवेत घामाने सदरा अंगाला चिकटतो आणि शरीरातून पाणी जातंय हे कळतं. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम आल्याआल्या उडून जातो, कातडी कोरडीच राहते आणि तहान लागेपर्यंत शरीरातलं बरंच पाणी गेलेलं असतं. मुलांना तर खेळण्याच्या नादात तहान लागलेलीही समजत नाही.

आधी महिना, मग पार्क

कॅलिफोर्नियातलं जोशुआ ट्री आणि ॲरिझोनात टुसानजवळचं सवारो ही दोन्ही पार्क ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलपर्यंत कुटुंबासाठी उत्तम. कॅलिफोर्नियातल्याच डेथ व्हॅलीसाठी त्याहून आखूड काळ धरा, नोव्हेंबर ते मार्च. १० जुलै १९१३ रोजी तिथल्या फर्नेस क्रीकला १३४ अंश फॅरनहाइट (५६.७ अंश सेल्सिअस) तापमान नोंदलं गेलं आणि आजही जागतिक विक्रम म्हणून तोच आकडा दिला जातो. उन्हाळ्यात तिथल्या सखल भागात सकाळी दहानंतर चालू नका, असं पार्कचे रेंजर स्पष्ट सांगतात. ते शब्दशः पाळा.

यूटामधली आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही पार्क चार ते सहा हजार फूट उंचीवर आहेत. तिथे हिवाळ्यात वाटांवर बर्फ साचून घसरण होते, त्यामुळे मार्च ते मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स वर्षभर बघता येतं, पण वसंत ऋतूत तिथे वारा इतका सुटतो की जिप्समच्या वाळूचे कण डोळ्यांत जातात. त्या दिवसांत मुलांना बंद बाजूंचा गॉगल हवाच.

शाळेची सुट्टी जून-जुलैतच मिळत असेल तर सखल वाळवंटाचा हट्ट सोडा आणि उंचावर जा. दर हजार फुटांमागे तापमान साधारण ३ ते ५ अंश फॅरनहाइटने उतरतं. यूटातल्याच ब्राइस कॅन्यनचा कडा आठ-नऊ हजार फुटांवर आहे. तिथली सकाळ जुलैतही सुखाची असते.

एकाच पार्कमध्येसुद्धा उंचीचा असाच उपयोग करून घेता येतो. जोशुआ ट्रीचा पश्चिम भाग मोहावी वाळवंटात येतो. तो साधारण तीन हजार फुटांच्या वर आणि थंड आहे, आणि ती प्रसिद्ध झाडंही तिथेच आहेत. पूर्वेकडचा कोलोरॅडो वाळवंटाचा भाग सखल आणि जास्त तापणारा. दिवस गरम असेल तर पश्चिमेला जा, थंडी बोचत असेल तर पूर्वेला.

प्रवेशशुल्क सहसा गाडीमागे असतं आणि सात दिवस चालतं. वर्षात तीन-चार पार्क होणार असतील तर वार्षिक पास काढणं परवडतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना तो ८० डॉलरला मिळतो, परदेशी पाहुण्यांसाठी २०२६ पासून वेगळा दर आहे. अमेरिकेतल्या चौथीच्या मुलांना वर्षभराचा मोफत पास मिळतो आणि त्यावर गाडीतलं कुटुंबही आत जातं. बऱ्याच पार्कमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड जवळ ठेवा. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या सूचना वाचा. बंद वाटा, आगाऊ वेळ घेऊन प्रवेश, पुराचे इशारे हे सगळं तिथे असतं.

वाट निवडताना घरातला सर्वांत लहान माणूस धरा

एकटे प्रौढ ताशी दोन मैल सहज चालतात. सात वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर थांबे धरून ताशी एक मैल धरा. चढ असेल तर दर हजार फुटांना आणखी अर्धा तास. सकाळचे चांगले तास तीनच मिळतात, म्हणजे पहिल्या खेपेला दोन मैलांच्या आतली वाट पुष्कळ झाली. दुपारी जोर उरला तर दुसरी छोटी वाट करता येते. मोठी वाट मात्र मधूनच सोडून देता येत नाही, जितकं आत गेलात तितकं परत यावंच लागतं.

जोशुआ ट्रीमध्ये सुरुवात हिडन व्हॅलीपासून करा. एक मैलाची गोल वाट, चहूबाजूंनी खडकांच्या भिंती आणि मुलांना चढायला हवे तसे दगड. बार्कर डॅमची वाट त्याहून थोडी मोठी. चोया कॅक्टस गार्डन जेमतेम पाव मैलाचं आहे, पण तिथे मुलाचा हात क्षणभरही सोडायचा नाही. कारण पुढे येईलच. रायन माउंटन तीन मैलांचं आणि हजार फूट चढाचं. ते नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या, चालायची सवय असलेल्या मुलांसाठी, आणि तेही थंड दिवशी.

आर्चेसमध्ये सगळ्यांना डेलिकेट आर्च ही खडकाची कमानच बघायची असते. ती वाट जाऊन-येऊन तीन मैल, चढ ४८० फूट, आणि सावली जवळपास नाही. मधला मोठा टप्पा उघड्या खडकावरचा सरळ चढ आहे आणि शेवटी खडकाच्या कडेने जाणारा अरुंद पट्टा येतो. तिथे लहान मुलाला आतल्या बाजूला घेऊन हात धरून चाला. चार-पाच वर्षांच्या मुलांना आमच्या मते सँड ड्यून आर्च जास्त आवडते. जाऊन-येऊन तिसरा हिस्सा मैल, दोन उभ्या खडकांमधली सावली आणि पायाखाली मऊ वाळू. विंडोज भागातल्या कमानी एका मैलात बघून होतात.

सवारो पार्कचे टुसानच्या पूर्वेला आणि पश्चिमेला असे दोन वेगळे भाग आहेत आणि मधे सबंध शहर आहे. एका दिवसात एकच भाग घ्या. पश्चिमेकडची व्हॅली व्ह्यू ओव्हरलुक वाट ०.८ मैलाची, पूर्वेकडची डेझर्ट इकॉलॉजी वाट पाव मैलाची आणि फरसबंद, बाबागाडी चालेल अशी. मुलांना एवढं जरूर सांगा: सवारो निवडुंगाला पहिला हात फुटायला बहुधा ५० ते ७५ वर्षं लागतात. हात असलेला निवडुंग दिसला की तो आजोबांच्या वयाचा तरी असणार. मग मुलं आपणहून हात मोजत पुढे जातात.

डेथ व्हॅलीतल्या मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर आखलेली वाट नाही, वाटेल तिथून मागे फिरता येतं. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांना ती जागा सोयीची. पण मऊ वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त ताकद लागते. वाळूतला अर्धा मैल साध्या वाटेवरच्या पाऊण मैलाइतका धरा.

व्हाइट सँड्सला इंटरड्यून बोर्डवॉक (जाऊन-येऊन ०.४ मैल, फळ्यांची वाट) किंवा ड्यून लाइफ ही एक मैलाची गोल वाट घ्या. अल्काली फ्लॅटची पाच मैलांची वाट लहान मुलांना घेऊन करू नका. ऑगस्ट २०१५ मध्ये त्या वाटेवर फ्रान्सहून आलेल्या एका जोडप्याचा उष्णतेने मृत्यू झाला. त्यांच्याकडे पाण्याच्या दोनच लहान बाटल्या होत्या. बरोबरचा नऊ वर्षांचा मुलगा वाचला, कारण आईवडिलांनी त्याला जास्त पाणी पाजलं होतं. त्या टेकड्यांत वारा पावलांचे ठसे पुसून टाकतो, त्यामुळे आल्या पावली परतता येत नाही. तिथला नियम सोपा आहे: वाट दाखवणारा पुढचा खांब दिसत नसेल तर तिथूनच मागे फिरा. शेजारी लष्कराचं क्षेपणास्त्र चाचणी केंद्र असल्यामुळे पार्कचा रस्ता कधीकधी दोन-तीन तास बंद असतो, तेही आधी तपासा.

पाणी

पार्कचा किमान नियम माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. कडक ऊन किंवा मोठी चढाई असेल तर दोन गॅलन. चौघांच्या कुटुंबासाठी गाडीत कमीत कमी १५ लिटर पाणी हवं, आणि गाडी बंद पडल्यास लागेल म्हणून वर आणखी ८ लिटर. हे पाणी गावातूनच भरून निघा. जोशुआ ट्रीच्या मधल्या भागात कुठेही नळ नाही, पाणी मिळतं ते कडेच्या काही ठिकाणी. तिथे आत पेट्रोल आणि खाणंही मिळत नाही. व्हाइट सँड्समध्ये फक्त व्हिजिटर सेंटरला पाणी आहे, टेकड्यांमध्ये थेंबही नाही.

गाडीतलं पाणी वेगळं आणि पाठीवरचं वेगळं. पाठीवर किती घ्यायचं? थंड दिवशी मोठ्यांना तासाला अर्धा लिटर, गरम दिवशी एक लिटर. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना पाव ते अर्धा लिटर. तीन तासांच्या वाटेला दोन मोठे आणि दोन मुलं असतील तर थंडीतही पाच-सहा लिटर होतं, म्हणजे तितकेच किलो वजन. बहुतेक घरांत इथेच तडजोड होते, 'एवढं कशाला' म्हणून एक बाटली गाडीत राहते. बाटली घ्या आणि कॅमेऱ्याची जादा लेन्स गाडीत ठेवा.

प्रत्येक मुलाच्या पाठीवर त्याची स्वतःची अर्ध्या लिटरची बाटली असू द्या. मूल चुकलंच तर त्याच्याजवळ पाणी असतं, त्यासाठी ही सोय. बाकीचं वजन मोठ्यांनी वाहायचं. नळीची पाण्याची पिशवी वापरत असाल तर दर थांब्याला ती उघडून बघा. नळीतून पिताना किती उरलं ते दिसत नाही आणि ती अचानक संपते.

पिण्याची पद्धतही ठरवून घ्या. दर १५-२० मिनिटांनी सगळ्यांनी दोन-चार घोट, तहान असो वा नसो. पाणी पुरवून पिण्यात शहाणपण नाही, बाटलीत पाणी शिल्लक असताना माणसं कोसळली आहेत. मागे फिरण्याचा हिशेब तिहाईचा: एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग अडचणीला. पहिला भाग संपला की समोर कितीही सुंदर काही दिसत असलं तरी मागे वळायचं. हे निघण्याआधीच मुलांना सांगून ठेवलं की वाटेत वाद होत नाही.

नुसतं पाणी ढोसणंही घातक आहे. घामाबरोबर मीठ जातं. मिठाशिवाय पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळ सुरू होतो. ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात, त्यामुळे लोक आणखी पाणी पाजतात आणि त्रास वाढतो. मोठ्यांनीही तासाला दीड लिटरच्या वर पिऊ नये. दर तासाला काहीतरी खारं खा: खारे शेंगदाणे, खारी बिस्किटं, चिवडा. एका बाटलीत ओआरएस किंवा क्षारांची पूड मिसळून ठेवा. चॉकलेट वितळतं आणि केळी पिशवीत काळी पडतात. संत्री मात्र वाळवंटातही टिकतात, मुलांना आवडतात आणि सोलताना आपोआप पाच मिनिटं विश्रांती होते. सालं पिशवीत घालून परत आणायची. कोरड्या हवेत ती कुजत नाहीत, महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात.

कपडे आणि बूट

पूर्ण बाह्यांचा, सैल, फिकट रंगाचा सदरा आणि लांब पँट. मुलं कुरकुरतील, पण उघड्या हातापायांना ऊन आणि काटे दोन्ही लागतात. टोपीला चारी बाजूंनी कड हवी. नुसत्या पुढच्या झापेच्या टोपीत कान आणि मान भाजतात. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तचं सनस्क्रीन निघण्याआधी पंधरा मिनिटं लावा आणि मग दर दोन तासांनी. व्हाइट सँड्सला जमिनीवरूनही ऊन परावर्तित होतं, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीसुद्धा लावा.

बूट पुढून बंद आणि तळाला पकड असलेले. चपला, सँडल, क्रॉक्स नकोत. नवेकोरे बूट आदल्या दोन आठवड्यांत घरीच वापरून मऊ करा. मोजे प्रत्येकाला एक जोडी जादा. वाळूचे कण मोज्यात अडकून घासले की अर्ध्या तासात फोड येतो.

थंडीचं लोक विसरतात. वाळवंटात दिवस-रात्रीच्या तापमानात ३० ते ४० अंश फॅरनहाइटचा फरक सहज पडतो. मार्चमध्ये सकाळी सातला जॅकेट आणि कानटोपी लागते आणि दहाला नुसता सदरा पुरतो. तीन पातळ थर घ्या आणि काढलेले कपडे मावतील एवढी मोठी पाठपिशवी घ्या.

दिवस कसा आखायचा

मार्च-एप्रिलसाठी हिशेब असा. आदल्या रात्री बाटल्या भरा, निम्म्या फ्रीझरमध्ये ठेवा, पिशव्या बांधा, पेट्रोल पूर्ण भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. राष्ट्रीय उद्यानांच्या अधिकृत ॲपमध्ये सबंध पार्कची माहिती आधीच साठवता येते. आत गेल्यावर फोनला सिग्नल मिळेल असं धरूच नका. घरी राहिलेल्या एकाला लिहून कळवा: कोणती वाट, कोणती गाडी, किती वाजेपर्यंत परतीचा निरोप येईल आणि न आल्यास कोणाला फोन करायचा.

सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. सातला वाटेच्या तोंडाशी पोचा, म्हणजे गाडीला जागाही मिळते. सव्वासातला चालायला लागा, साडेदहाला गाडीपाशी परत. अकरा ते तीन हा वेळ गाडीतून पार्क बघण्याचा, व्हिजिटर सेंटरचा, सावलीत जेवून डुलकी काढण्याचा. चारनंतर मुलांची इच्छा असेल तर पाव-अर्ध्या मैलाची वाट. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाहीत. कॅलिफोर्निया किंवा यूटामधून येताना घड्याळ तपासा.

डिसेंबर-जानेवारीत हे उलटं होतं. सकाळी नऊला निघालं तरी चालतं, पण दक्षिण कॅलिफोर्नियात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो. सूर्यास्ताच्या एक तास आधी गाडीपाशी यायचं. प्रत्येकाकडे डोक्याला बांधायची विजेरी हवी. फोनच्या उजेडावर विसंबू नका, थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते.

व्हिजिटर सेंटरला पोचल्यावर आधी दोन कामं करा. रेंजरला विचारा, 'एवढ्या वयाची मुलं आहेत, आज कोणती वाट चांगली?' काल काय घडलं, कुठे मधमाश्या आहेत, कोणती वाट वाहून गेली आहे हे त्यांना ठाऊक असतं. दुसरं, ज्युनियर रेंजरची पुस्तिका घ्या. मुलं वाटेवर त्यातल्या गोष्टी शोधतात, रेंजरला दाखवतात, शपथ घेतात आणि बिल्ला मिळवतात. 'अजून किती राहिलं' हा प्रश्न त्याने जेवढा कमी होतो तेवढा दुसऱ्या कशानेही होत नाही.

वाटेवर

सर्वांत पुढे एक मोठा माणूस, सर्वांत मागे एक, मुलं मधे. वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. दर अर्ध्या तासाला सावलीत बसून थांबा. वाळवंटात सावली म्हणजे बहुतेक वेळा खडकाची, तेव्हा बसण्याआधी ती जागा काठीने आणि नजरेने तपासा. जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, हा मुलांसाठीचा पहिला नियम. खडकांच्या फटींत आणि झुडपांखाली रॅटलस्नेक विसावतात. दिसला तर थांबा, मागे सरका, किमान सहा फूट अंतर ठेवा, तो आपल्या वाटेने जातो. चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही, बर्फ लावायचा नाही. माणसाला शांत बसवा, तो अवयव हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन मिळेल तिथे एकाला धाडा.

दगडांवर चढण्याचा मोह मुलांना आवरत नाही आणि आवरूही नये. फक्त एवढं: जिथून एकट्याने उतरता येईल तिथवरच चढायचं. जोशुआ ट्रीचा खडक खरबरीत असल्याने चढताना बूट घट्ट धरतात आणि मूल भराभर वर जातं. उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, म्हणून ते वर अडकतं. दर चार पावलांनी त्याला एकदा उतरून दाखवायला सांगा. तुम्ही त्याच्या थेट खाली उभे राहा.

जुन्या खाणींच्या तोंडाशी जाऊ नका. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री दोन्हीकडे त्या आहेत. आत सडलेली लाकडं, उघड्या विहिरीसारखे खड्डे आणि कोंडलेली हवा असते.

काटे

टेडी बेअर चोया हा निवडुंग लांबून मऊ, रेशमी दिसतो आणि मूल हात लावायला धावतं. त्याचे गोळे नुसत्या स्पर्शाने सुटतात आणि काट्यांच्या टोकांना मागे वळलेली सूक्ष्म दातरी असल्याने ते मांसात घट्ट बसतात. गोळा हाताने ओढायला गेलात तर तो तुमच्या हाताला चिकटतो. लांब दातांची एक फणी पिशवीत बाहेरच्या खणात ठेवा. फणी कातडी आणि गोळा यांच्या मधे सरकवा आणि एका झटक्यात बाहेरच्या दिशेने उडवा. त्या दिशेला कोणी उभं नाही ना ते आधी बघा. राहिलेले काटे चिमट्याने एकेक, ज्या दिशेने शिरले त्याच रेषेत ओढा. मूल रडेल. दुसऱ्या मोठ्याने त्याला घट्ट धरून त्याच्याशी बोलत राहावं.

चपट्या पानांच्या निवडुंगाचं वेगळं. त्यावर मोठे काटे कमी दिसतात, पण केसासारख्या बारीक कुसळांचे झुबके असतात. ती बोटात गेली की दिसतही नाहीत आणि दोन दिवस सलतात. रुंद चिकटपट्टी दाबून लावून उपटली की बरीच निघतात, उरलेली चिमट्याने काढा. चोळू नका, चोळलं की तुटून आत राहतात.

ऊन लागलं तर

मूल अचानक चिडचिडं झालं, गप्प झालं, खायला नको म्हणू लागलं, डोकं दुखतंय म्हणालं, तर ते हट्ट करतंय असं समजू नका. त्या क्षणी थांबा. सावलीत बसवा, बूट-मोजे काढा, सदरा आणि टोपी पाण्याने भिजवा, वारा घाला, क्षारांचं पाणी घोटघोट द्या. कोरड्या हवेत ओल्या कपड्यांनी अंग फार लवकर गार होतं. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवसापुरती वाट संपली, गाडीकडे चला.

बोलणं असंबद्ध होतंय, तोल जातोय, शुद्ध हरपतेय, ही उष्माघाताची लक्षणं. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. मिनिटं मोलाची असतात: सगळं पाणी अंगावर ओता, जोराने वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा, मदत मागवा. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नका.

एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही: मूल जमिनीच्या जवळ असतं. उन्हाळ्यात जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. १९७२ च्या जुलैमध्ये डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला जमिनीचं तापमान २०१ अंश फॅरनहाइट नोंदलं गेलं होतं. तुम्हाला झेपतंय म्हणून त्यालाही झेपत असेल असं नाही. पाठीवरच्या झोळीतलं बाळ तर तुमच्या अंगाच्या उष्णतेनेही तापतं. झोळीवर कापड पांघरू नका, आतली हवा कोंडते. थंडीत नेमकं उलट घडतं. तुम्ही चालून गरम होता आणि बसून राहिलेल्या बाळाचे पाय गारठतात. दर वीस मिनिटांनी त्याची मान आणि पावलं हाताने बघा.

आजी-आजोबा बरोबर असतील तर रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. त्यांच्यासाठी प्रत्येक पार्कमध्ये गाडीतून बघण्याचे रस्ते आणि फरसबंद छोट्या वाटा आहेत. त्यांना उन्हात गाडीत थांबवून बाकीच्यांनी वाट करायची, असं मात्र अजिबात नको. मुलांनाही नाही.

पूर आणि वीज

ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर हा पावसाळी मोसम मानतात. दुपारी ढग चढतात आणि तासाभरात ओतून जातात. वाळवंटाची कडक जमीन पाणी शोषत नाही, ते कोरड्या ओढ्यांतून लोंढ्याने येतं. पाऊस दहा-वीस मैलांवर पडलेला असला आणि तुमच्या डोक्यावर निळं आकाश असलं तरी लोंढा येतो. म्हणून अंदाजात वादळ असेल त्या दिवशी अरुंद घळीत शिरू नका. ओढ्यात गाडी लावू नका, जेवायलाही बसू नका. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहू लागल्या, घुमणारा आवाज आला, की लगेच उंचावर चढा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, बहुधा काही तासांत ते ओसरतं.

ढगांचा गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज पोचेल एवढ्या अंतरावर तुम्ही आहात. कड्यावरून, उघड्या खडकावरून आणि एकाकी झाडाखालून निघून गाडीत बसा.

चुकामूक झाली तर

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी आणि त्याला दोन वाक्यं पाठ असावीत: 'मी जिथे आहे तिथेच सावलीत थांबेन. तीनदा शिट्टी वाजवून थांबेन, पुन्हा तीनदा वाजवेन.' फिरत राहणारं मूल सापडायला फार वेळ लागतो. मोठ्यांनीही वाट हरवल्यासारखी वाटली तर शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथवर मागे जावं. उघड्या खडकावर वाट दगडांच्या छोट्या राशींनी दाखवलेली असते. मुलांना तशा राशी रचू देऊ नका, मागून येणारे त्यांच्यामागे भरकटतात.

गाडी आडरस्त्याला बंद पडली तर गाडी सोडू नका. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. डेथ व्हॅलीत फोनच्या नकाशाने सुचवलेला 'जवळचा रस्ता' घेऊ नका. तिथले कितीतरी कच्चे रस्ते साध्या गाडीचे नाहीत. नव्या फोनमध्ये उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय असेल तर ती घरीच चालवून बघा.

जमीन आणि स्वच्छता

यूटातल्या पार्कमध्ये वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, गाठीगाठींची माती दिसते. ती जिवंत आहे. सूक्ष्म जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांनी विणलेला तो थर माती धरून ठेवतो. एका पावलाने तो मोडतो आणि भरून यायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. मुलांना एकदा गुडघ्यावर बसून तो जवळून बघू द्या, नंतर ती स्वतःच एकमेकांना वाटेवर ठेवतात. दगड, लाकूड, फुलं काही उचलायचं नाही. खडकावरच्या जुन्या कोरीव चित्रांना बोट लावायचं नाही, हाताचं तेल त्यांना खराब करतं.

वाटांच्या तोंडाशी बहुतेक ठिकाणी शौचालयं असतात, पण पाणी नसतं. हातांसाठी सॅनिटायझर, कागद आणि तोंड बंद होणाऱ्या पिशव्या घ्या. वाटेत वेळ आलीच तर वाट आणि ओढा दोन्हींपासून २०० फूट दूर जाऊन सहा इंच खड्डा करा. वापरलेला कागद आणि लंगोट पिशवीत घालून परत आणायचे.

गाडीपाशी परत आल्यावर

मुलं गाडीत बसण्याआधी बुटांचे तळ आणि पँटचे पाय बघा. चोयाचा एखादा गोळा आत आला तर तो सीटवर सापडतो, आणि तोही बसल्यावरच. सगळ्यांनी पुन्हा पाणी प्या, काहीतरी खारं खा. दारं उघडी ठेवून गाडीतली गरम हवा जाऊ द्या. सीटबेल्टचं धातूचं टोक हाताने तपासूनच मुलाला बांधा. गाडीच्या एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर मधमाश्या येतात. आत शिरल्या तर त्यांना हाताने झटकू नका, खिडक्या उघड्या ठेवून सावकाश निघा म्हणजे त्या आपोआप बाहेर जातात.

मोहावीतल्या पार्कमध्ये गाडी सुरू करण्याआधी चाकांखाली वाकून बघा. वाळवंटी कासवं सावलीसाठी उभ्या गाडीखाली येऊन बसतात. दिसलं तर उचलू नका. घाबरलं की ते साठवलेलं पाणी सोडतं आणि कोरड्या दिवसांत तेवढ्यानेही मरू शकतं. ते निघून जाईपर्यंत थांबा, किंवा व्हिजिटर सेंटरला कळवा. आणि सिग्नल मिळताच घरी निरोप धाडा की सगळे परत आले.